मोटारसायकलींच्या मेळाव्यास प्रथमच जाणाऱ्यांस चार शब्द

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय पुकारला गेला तेव्हा पुढल्या रांगेतील वडीलधाऱ्यांच्या मुखावर उमटलेले स्मित आम्ही पाहिले. या व्यासपीठावरून आजवर शिष्यवृत्ती, वसतिगृह, विवाहातील अवास्तव खर्च अशा विषयांवर विचारमंथन झाले. त्या मालिकेत ही फटफटी कोठून शिरली, असा प्रश्न कोणासही पडावा. त्याचे कारण असे की, मागील वार्षिक सभेत एका पालकांनी सूचना आणली होती : गोव्यात भरणाऱ्या मोटारसायकलींच्या मेळाव्यांस ज्ञातीतील तरुणांनी जाऊ नये, असा ठराव मंडळाने करावा. सूचनेवर बरीच गरमागरमी झाली. अखेर ती तहकूब ठेवून, या प्रकरणी माहिती काढून सभासदांपुढे ठेवण्याचे काम आमच्यावर सोपविण्यात आले. आमचे दोन पुतणे या मेळाव्यास जाणारे असल्यामुळे हे ओझे आमच्या शिरावर येणे क्रमप्राप्तच होते.

आम्ही गेल्या नोव्हेंबरात बार्देश तालुक्यातील वागातोर येथे स्वतः जाऊन आलो. पुतणे मोटारसायकलींवरून गेले. आम्ही कोकण रेल्वेने थिवीस उतरलो. जे पाहिले, जे विचारले आणि जे हिशेब करून पडताळले, ते आज सांगावयाचे आहे.

आमचे मत प्रथमच सांगून टाकतो. असा ठराव मंडळाने करू नये. शाळेत छत्तीस वर्षे काढल्यावर एवढे निश्चित कळले आहे की, मुलास ज्या गोष्टीची बंदी केली ती तो सोडीत नाही, फक्त सांगण्याचे सोडतो. न सांगता गेलेला मुलगा कोणत्या वाटेने गेला, कोणाबरोबर गेला, रात्री कोठे मुक्कामास आहे, हे घरात कोणासही ठाऊक नसते. आणि वेळप्रसंगी हीच माहिती हवी असते. म्हणून जाणाऱ्याने सांगून जावे, आणि घरच्यांनी त्यास तयारीनिशी पाठवावे. भय बाळगावयाचेच तर ते मेळाव्याचे न बाळगता रस्त्याचे बाळगावे, आणि त्यातही परतीच्या रस्त्याचे. आमच्या आजच्या सर्व बोलण्याचा रोख या एकाच गोष्टीवर आहे.

हे मेळावे म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. ही प्रथा मूळची अमेरिकेतील. फ्लॉरिडा संस्थानातील डेटोना येथे १९३७ साली शर्यतीच्या निमित्ताने असा मेळावा सुरू झाला, आणि साउथ डाकोटातील स्टर्जिस या गावी १९३८ साली. स्टर्जिसची वस्ती अवघी सात हजारांच्या आसपास. पण तेथे ऑगस्ट महिन्यात लाखो मोटारसायकलवाले लोटतात. २०१५ साली पंचाहत्तराव्या मेळाव्यास सात लाखांवर माणसे आली होती. पंढरीत आषाढीस जे होते, त्यातला प्रकार म्हणावा; विठोबा तेवढा निराळा! मोटारसायकलवाला म्हणजे गुंड, ही समजूतही तिकडचीच. कॅलिफोर्नियातील हॉलिस्टर गावी १९४७ साली एका मेळाव्यात दंगा झाला, त्याची वर्णने वृत्तपत्रांनी रंगविली, आणि १९५३ साली मार्लन ब्रँडोचा ‘द वाइल्ड वन’ हा चित्रपट निघाला. तेव्हापासून काळे चामडी जाकीट म्हणजे दांडगाई, असे समीकरण जगभर रूढ झाले.

आपल्याकडे गोव्यात दोन मेळावे विशेष नावाजले. ‘इंडिया बाइक वीक’ हा २०१३ साली वागातोर येथे सुरू झाला. पुढे त्याची जागा नेहमी तीच राहिली असे नाही, २०२१ साली तो लोणावळ्यानजीक भरला होता. म्हणून जाण्यापूर्वी त्या वर्षीचे स्थळ व तिथी पाहून घ्यावी. दुसरा रॉयल एन्फील्ड कंपनीचा. त्यास पूर्वी ‘रायडर मेनिया’ म्हणत, २०२३ पासून ‘मोटोव्हर्स’ म्हणतात. नोव्हेंबरातील शुक्रवार, शनिवार व रविवार असे तीन दिवस तो वागातोरच्या टेकडीवर भरतो. आम्ही पाहिला तो हाच. जुन्या मंडळींस ‘बुलेट’ ठाऊक आहे. ते नाव १९३२ सालचे, इंग्लंडातले. १९५५ पासून मद्रासेस या गाडीचे काम सुरू झाले. आमच्या लहानपणी पंचक्रोशीत एकच बुलेट होती, ती दवाखान्याच्या डॉक्टरांची. तिचा आवाज ऐकला की कोणाच्या तरी घरी दुखणे विकोपास गेले, असे माणसे ओळखीत. त्याच गाडीभोवती हजारो तरुण आनंदाने नाचताना पाहून आम्हांस प्रथम थोडे विचित्रच वाटले.

तेथे आम्ही काय पाहिले? मातीच्या मार्गावरील शर्यती पाहिल्या, कारागिरांनी स्वहस्ते घडविलेल्या गाड्या पाहिल्या, हिमालयात व परदेशांत हजारो मैल हिंडून आलेल्या स्त्री-पुरुषांची भाषणे ऐकली. रात्री गाणेबजावणे होते. ते आमच्या कानांस झेपले नाही. दाढीवाले, अंगावर गोंदलेले, जाकिटावर मंडळाचे चिन्ह शिवलेले जे गृहस्थ आमच्या शेजारी चहा घेत बसले होते, ते एका पेढीत रोखपाल निघाले. त्यांच्याशी कर्जाच्या व्याजदरावर आमची चांगली अर्धा तास चर्चा झाली. या मंडळींचे रीतिरिवाज मात्र नवख्याने समजून घ्यावेत. दुसऱ्याच्या गाडीवर विचारल्याशिवाय बसू नये. छायाचित्रासाठी हातही लावू नये. ज्या मंडळाचे आपण सभासद नाही त्याचे चिन्ह अंगावर घालू नये; त्यात त्यांस अपमान वाटतो, आणि तो रास्तच आहे. प्रवेशपत्रिका आधीच विकत घेऊन ठेवावी, राहण्याची जागा दोन महिने अगोदर ठरवावी. मेळाव्याच्या दिवसांत वागातोर-हणजूण भागात आयत्या वेळी खोली मिळणे कठीण आणि मिळालीच तर भाडे ऐकून घाम फुटतो. म्हापशास उतरावे, स्वस्त पडते. मेळाव्याविषयी एवढे पुरे.

आता रस्त्याकडे वळू. पुण्याहून सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी आणि म्हापसा अशा मार्गाने वागातोर सुमारे साडेचारशे किलोमीटर पडते. मुंबईहून महाड, चिपळूण, कणकवलीमार्गे गेल्यास साडेपाचशेच्या वर. मुंबईकरांनी पुण्यावरून जावयाचे ठरविल्यास द्रुतगती मार्गावर दुचाकीस मज्जाव आहे हे ध्यानी धरून जुन्या रस्त्याने खंडाळ्याचा घाट चढावा.

दोन वर्षांपूर्वी आपल्या ज्ञातीतील एक तरुण याच वाटेने परत येत होता. तो आज या सभागृहात बसला आहे आणि त्याच्या संमतीनेच आम्ही सांगत आहो. शुक्रवारी कचेरी सुटल्यावर तो पुण्याहून निघाला, रात्रभर गाडी हाकून शनिवारी सकाळी वागातोरास पोचला. शनिवारी रात्री दोन-तीन तास झोप. रविवारी सायंकाळी कार्यक्रम आटोपताच तो परत फिरला, कारण सोमवारी सकाळी नऊ वाजता हजेरी होती. मद्याचा थेंबही त्याने घेतला नव्हता. आंबोलीचा घाट त्याने व्यवस्थित चढला. अवघड वाटेवर माणूस जागा असतो. निपाणीपासून मोठा, सरळ, गुळगुळीत महामार्ग लागला. रात्री एकच्या सुमारास कागलच्या अलीकडे रस्त्याच्या कडेस उसाने भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती. तिला मागे दिवा नव्हता. ‘ट्रॉली मला दिसलीच नाही,’ असे तो सांगतो. डोक्यावर चांगले हेल्मेट होते म्हणून प्राण वाचला. पण मांडीचे हाड दोन ठिकाणी मोडले. सात महिने अंथरुणात गेले आणि ती नोकरीही गेली.

या ठिकाणी थोडे गणित करू. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. झोपेची डुलकी तीन सेकंदांची आली, तर ६६ मीटर अंतर कोणीच गाडी चालवीत नसते. आपल्या या सभागृहाची लांबी आम्ही सकाळी पावलांनी मोजली, ती २२ मीटरच भरली. अशी तीन सभागृहे डोळे मिटून पार करावयाची! आणखी एक. वेग ६० वरून ८० केला तर तो एक-तृतीयांशानेच वाढला असे वाटते. परंतु आघाताचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६० चा वर्ग ३,६०० आणि ८० चा ६,४००, म्हणजे जोर जवळजवळ पावणेदोनपट होतो. ही उदाहरणे आम्ही नववीच्या मुलांस घालीत असू, तेव्हा ती त्यांस रुक्ष वाटत.

उसाच्या ट्रॉलीविषयी अधिक सांगितले पाहिजे. मेळावे भरतात ते नोव्हेंबर-डिसेंबरात आणि नेमका तोच साखर कारखान्यांचा गळीत हंगाम. साताऱ्यापासून निपाणीपर्यंत, आणि आजऱ्याच्या बाजूसही, ट्रॅक्टर व बैलगाड्या रात्रंदिवस ऊस ओढीत असतात. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, ऊस दोन्ही बाजूंस बाहेर आलेला, मागे दिवा असला तर असला. रस्त्यावर सांडलेल्या उसावरून दुचाकीचे चाक हमखास घसरते. शेतकऱ्यास दोष देऊन आपले हाड जुळत नाही. उपाय एकच : या पट्ट्यातून रात्री दुचाकीने जाऊ नये. पहाटे उजाडता निघावे आणि दिवेलागणीपूर्वी मुक्कामास पोचावे. साडेचारशे किलोमीटर एका दिवसात होतात, नाही असे नाही. परंतु प्रथमच जाणाऱ्याने कोल्हापुरास किंवा सावंतवाडीस एक मुक्काम करावा. मुंबईकराने चिपळुणास किंवा कणकवलीस करावा.

आणि परतीचा दिवस सोमवार धरावा. रविवारी रात्री गाणेबजावणे अर्धे टाकून झोपावे, सात-आठ तास झोप घ्यावी, सोमवारी सकाळी न्याहारी करून निघावे. म्हणजे प्रश्न सोमवारच्या रजेचा आला. आपल्या सभासदांत कारखानदार आहेत, दुकानदार आहेत, कचेऱ्यांतून अधिकारी आहेत. त्यांस आमची विनंती आहे की, हाताखालचा तरुण या कारणासाठी सोमवारची रजा मागेल तर त्याची थट्टा न करता ती द्यावी. आणि शक्य तर मंगळवारी अर्धा दिवस उशिरा येऊ द्यावे. ठरावच करावयाचा असेल तर मंडळाने या रजेचा करावा. तरुणांनीही आजारपणाचे खोटे निमित्त न सांगता खरे कारण सांगून रजा मागावी.

गाडीच्या तयारीचे बहुतेक तरुण आमच्याहून अधिक जाणतात; तरी दोन गोष्टी आवर्जून सांगतो. गाडीची दुरुस्ती निघण्याच्या आदल्या दिवशी करू नये. आठवडाभर आधी करावी व मग पन्नास-साठ किलोमीटर चालवून पाहावी. कारण सैल राहिलेला नटबोल्ट दुरुस्तीनंतरच्या पहिल्या फेरीतच बोलतो. टायर, हवा, ब्रेक, साखळी, दिवे पाहून घ्यावेत. क्लच केबल, पंक्चरचे सामान, प्लगचा पाना आणि विजेरी बरोबर असावी. नवे बूट व नवे हेल्मेट घालून प्रथमच लांबच्या वाटेस लागू नये. सामान पाठीवर न घेता गाडीला खालच्या बाजूस दोन्हीकडे सारखे बांधावे. पाठीवरच्या पिशवीने दोनशे किलोमीटरांत पाठ धरते, आणि पाठ धरली की लक्ष रस्त्यावरून उडते. दर तासा-दीड तासाने थांबून पाणी प्यावे, दहा पावले चालावे.

हेल्मेटाबद्दल वाद घालणारे अद्यापि आहेत याचे आम्हांस नवल वाटते. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक खात्याच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरील होती, आणि हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९. यांपैकी १४,३३७ डबलसीट बसलेले होते. तेव्हा मागे बसणाऱ्यानेही हेल्मेट घालावे. कायदाही तसेच सांगतो. हेल्मेट आयएसआय चिन्हाचे, हनुवटीपर्यंत चेहरा झाकणारे असावे व त्याचा पट्टा आवळलेला असावा. आरशाला अडकविलेले हेल्मेट आरशाचे रक्षण करते!

चार-सहा गाड्या मिळून जाणार असतील तर पंढरीच्या वाटेवरील दिंडी आठवावी. तेथे दिंड्यांना क्रमांक असतात, रथापुढील व रथामागील. कोणी आपला क्रम सोडून पुढे धावत नाही. तसेच येथे असावे. अनुभवी माणूस पुढे, दुसरा अनुभवी सर्वांत मागे आणि नवखा पुढल्याच्या लगेच पाठीमागे. नवख्याला झेपेल तोच सर्वांचा वेग. गाड्या एकामागे एक सरळ रेषेत न ठेवता एक रस्त्याच्या डाव्या अंगास, पुढची उजव्या अंगास, अशा तिरक्या ओळीत ठेवाव्या, आणि पुढल्या गाडीपासून किमान दोन सेकंदांचे अंतर राखावे. पुढची गाडी एखाद्या झाडाशी आली की ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असे मनात म्हणावे. त्याआधी आपण झाडाशी पोचलो तर फार जवळ आहो असे समजावे. घाटात मात्र एकामागे एक जावे. आणि पुढच्याने मालमोटार ओलांडली म्हणून आपण ओलांडू नये. त्याला समोरचा रस्ता मोकळा दिसला होता, आपल्याला त्याची पाठ दिसत असते.

आंबोलीचा घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये उतरावे, सतत ब्रेक दाबून धरू नये. तो तापतो आणि मग धरीनासा होतो. हिवाळ्यात सकाळी घाटात धुके व दव असते, वळणावर मालमोटारींचे सांडलेले तेल असते. वळणावर भोंगा वाजवावा आणि रस्त्याचा मध्य सोडून आपल्या बाजूस राहावे.

कागदपत्रांचे एक सूक्ष्म प्रकरण आहे, ते पुष्कळांस माहीत नसते. गाडीच्या विम्याबरोबर मालकास १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते. पण ते मालक स्वतः, परवान्यासह, गाडी चालवीत असता. मित्राची गाडी मागून नेणाऱ्यास ते लागू पडत नाही. म्हणून उसन्या गाडीवर जाणाऱ्याने आपला निराळा अपघात विमा उतरावा. तो महाग नसतो. वागातोरास पोचल्यावर गाडी भाड्याने घ्यावयाची असल्यास काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेलीच घ्यावी, ती परवान्याची. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने घेतली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करते. ज्यास रस्त्याची दगदग नको त्याने आपली गाडी रेल्वेच्या पार्सलातून पाठवावी. टाकी रिकामी करून देतात, नोंदणीच्या प्रती जोडाव्या लागतात. यात कमीपणा काही नाही.

आता मद्याचे. आम्ही स्वतः घेत नाही, आणि घेणाऱ्यांस येथे उपदेश करून उपयोग नाही हेही जाणतो. कायदा काय आहे ते सांगतो. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क सापडल्यास पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. ज्या दिवशी घेतले त्या दिवशी गाडीची किल्ली न घेणाऱ्या मित्राकडे द्यावी आणि मुक्कामी भाड्याच्या वाहनाने जावे. गोव्यात दिवसा मोटारसायकलवर उतारू नेणारे ‘पायलट’ असतात, पिवळ्या-काळ्या गाड्यांवर. म्हापशाच्या बाजारातून ते किती बेताने गाडी काढतात ते नवख्याने मुद्दाम पाहावे. मेळाव्यातील कसरतींपेक्षा ते अधिक उपयोगी आहे. समुद्रकिनाऱ्यावर उघड्यावर पिण्यास गोव्यात बंदी आहे, वाळूत गाडी घालण्यासही आहे. आणि परतताना मित्रांनी सांगितलेल्या ‘दोन बाटल्या’ पिशवीत घालू नयेत. परवान्याशिवाय गोव्याचे मद्य महाराष्ट्रात आणणे हा गुन्हा आहे, आणि बांद्याच्या नाक्यावर पिशव्या उघडतात. तेथे मुलाचे नाव नोंदले गेले तर पुढे नोकरीच्या वेळी चारित्र्याच्या दाखल्यात अडचण येते. बाटली सांगणारा मित्र तेव्हा बरोबर नसतो.

वागातोर, हणजूण ही गावे आहेत, तेथे शाळा आहेत, म्हातारीकोतारी माणसे आहेत. आम्ही ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या वृद्ध बाईंनी तीन रात्री कानांत कापूस घातला होता. रात्री दहानंतर वस्तीतून सायलेन्सर फोडीत जाणारा तरुण आपल्या ज्ञातीचा निघाला तर आम्हांस त्याच्या बापास विचारावे लागेल. सायलेन्सर बदलून आवाज वाढविणे हा कायद्यानेही गुन्हा आहे.

रस्त्यात कोणाचा अपघात दिसला तर थांबावे. २०१६ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर व २०१९ च्या कायद्यातील दुरुस्तीनंतर मदत करणाऱ्यास पोलीस किंवा दवाखाना अडकवून ठेवू शकत नाही. ११२ किंवा १०८ फिरवावे. महामार्गावर १०३३ आहे. जखमीचे हेल्मेट ओढून काढू नये, मानेस इजा होते. श्वास कोंडत असेल तरच दोघांनी मिळून मान स्थिर धरून काढावे. पाणी पाजू नये. २०२५ च्या केंद्र सरकारच्या योजनेप्रमाणे रस्ता-अपघातातील जखमीस सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात. दवाखान्यात हे बोलून दाखवावे.

मुलींनी जावे काय, असे एका भगिनीने चिठ्ठीतून विचारले आहे. जावे. पुण्यात २०११ साली स्त्रियांनी ‘बायकर्नी’ नावाचे मोटारसायकल-मंडळ स्थापिले. आता त्या हिमालयापर्यंत जातात. मुलींना निराळे नियम नाहीत. वर जे सांगितले तेच. मुक्काम अगोदर ठरलेला असावा, सोबत ओळखीची असावी, एवढे मुलांनाही लागू आहे.

आता घरच्या मंडळींस, विशेषतः मातांस. मुलगा गाडीवर असताना अर्ध्या-अर्ध्या तासाने त्यास फोन करू नये. खिशात फोन वाजू लागला की त्याचे चित्त रस्त्यावरून उठते. आईचा आहे हे ठाऊक असल्यामुळे अधिकच उठते. निघण्यापूर्वी थांबे ठरवावेत : साताऱ्यास चहा, कोल्हापुरास जेवण, आंबोलीस पुन्हा चहा. प्रत्येक थांब्यावरून त्याने दोन शब्द कळवावेत. ठरल्या वेळेनंतर तासभर वाट पाहावी, मग सोबतच्या दुसऱ्यास विचारावे. वहिनींनी गेल्या वर्षी हे पाळले. अवघड गेले, पण पाळले. आणि ‘रात्री कितीही वाजोत, घरीच ये’ असे मुलास कधीही सांगू नये. ‘उशीर झाला तर तेथेच राहा’ असे सांगावे, आणि मुक्कामाचे पैसे वेगळे द्यावेत.

या मुक्कामाच्या प्रश्नावर आम्ही एक लहानशी योजना घेऊन आलो आहो. या वाटेवर आपली ज्ञातिबांधवांची घरे आहेत. मेळाव्याच्या आठवड्यात वाटसरू तरुणांस एक रात्र पथारीपुरती जागा व पिठलेभाकरी देण्यास जी कुटुंबे तयार असतील, त्यांची सूची करावी आणि ती चिटणिसांकडे ठेवावी. येणाऱ्याने दोन दिवस आधी कळवावे, सायंकाळी सातपूर्वी पोचावे, आणि यजमानाच्या घरी मद्य आणू नये, एवढ्याच अटी. गाडी अंगणात राहील, मुलगा छपराखाली राहील. मंडळास खर्च काही नाही.

कोल्हापुरातून तीन कुटुंबांनी, साताऱ्यातून एका कुटुंबाने आणि सावंतवाडीतून दोन कुटुंबांनी संमती कळविली आहे. चिपळूणचे एक गृहस्थ आज उपस्थित आहेत, त्यांनी आताच मान डोलाविली, तेव्हा त्यांचेही नाव आम्ही लिहून घेत आहो. सूचीची वही व्यासपीठाच्या डाव्या बाजूस चिटणिसांच्या मेजावर ठेविली आहे. कणकवली, निपाणी आणि आजरा यांपुढील ओळी अद्यापि कोऱ्या आहेत.